एफएम२ला मोटर लावून उपयोग काय?

तुमचा प्रश्न असा की, हाताने रोल फिरवायच्या निकॉन एफएम२ कॅमेऱ्याला जुन्यातली एमडी-१२ मोटर (कॅमेऱ्याला खालून जोडायची, रोल आपोआप पुढे सरकवणारी) घ्यावी का, आणि घेतली तर रोल वाया नाही का जाणार?

घ्या. पण वेगासाठी घेऊ नका.

आधी सांगा, व्ह्यूफाइंडरला कुठला डोळा लावता? उजवा लावत असाल तर माझं अर्धं दुखणं तुम्हाला कळायचं नाही. मी डावा लावतो. एफएम२चा रोल फिरवायचा लिव्हर थोडा बाहेर ओढल्याशिवाय उजेड मोजणारा मीटर सुरू होत नाही, आणि आत दाबला की फोटोचं बटण लॉक. म्हणजे डाव्या डोळ्याने बघणाऱ्याच्या उजव्या डोळ्यासमोर कायम एक लोखंडी टोक. त्यात मला चष्मा. प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तोंडावरून बाजूला केल्याशिवाय अंगठ्याला जागाच नाही.

कोल्हापूरकडच्या जत्रांतल्या कुस्त्या मी एका वर्तमानपत्राला पुरवायचो. ज्यांच्या स्टुडिओत शिकलो ते अण्णा उजव्या डोळ्याचे. मोटरचं नाव काढलं की म्हणायचे, "अंगठ्यात जोर नाही व्हय रं तुझ्या? रोल काय तुझा बाप देतोय?" आता कुस्तीत काय होतं, तर बराच वेळ नुसती खडाखडी, म्हणजे उभ्याने झटापट, चालते. मग वर बसलेला पैलवान अचानक घिस्सा डाव मारतो आणि खाली दबलेला उलटा होतो. तो उलटा होताना सगळेच टिपतात. पेपरला हवा असतो त्याच्या पुढचा फोटो : दोन्ही खांदे मातीला, पंच वाकलेला, आणि हरणाऱ्याच्या चेहऱ्यावर अजून पत्ता नाही. लिव्हर फिरवून मी परत डोळा लावेपर्यंत जिंकलेला गडी लोकांच्या खांद्यावर गेलेला असायचा.

शेवटी पदरचे पैसे घालून मोटर घेतली. ती लावली की लिव्हर आत दाबून ठेवायचा. मीटर मोटरच्याच बटणावर अर्धवट बोट ठेवलं की सुरू होतं. डोळा एकदा लावला की कुस्ती निकाली होईपर्यंत हलवायची गरज नाही. पुढच्याच जत्रेत तो खांद्यांचा फोटो मिळाला, पेपरात चार कॉलम छापून आला. अण्णांनी तो बघितला आणि विचारलं, "रोल किती खाल्लास?"

त्यांचा हिशोब तसा बरोबर होता. स्विच 'सी'वर ठेवून बोट दाबून धरलं तर सेकंदाला जास्तीत जास्त ३.२ फोटो निघतात, ३६चा रोल अकरा-बारा सेकंदांत खलास. पण त्याच स्विचवर 'एस' आहे. एकदा दाबलं की एकच फोटो. अण्णांनी तो स्विच कधी हातात धरून बघितला नाही. आणि हल्लीची पोरं जे म्हणतात ना, की हाताने फिरवलं की विचार करून फोटो निघतो, ते तर मला अजिबात पटत नाही. लिव्हर फोटो काढून झाल्यावर फिरवतात. विचार त्याच्या आधी करायचा असतो.

आता घेण्याआधीचं. आठ पेन्सिल सेल लागतात, त्यामुळे गळ्यात चांगलंच वजन येतं. आवाज मोठा आहे. हलगी वाजत असेल तर कुणाला कळत नाही, गाण्याच्या बैठकीत मात्र माणसं वळून बघतील. लग्नात फ्लॅशवर काम करत असाल तर 'सी' विसराच. फ्लॅश भरायच्या आत मोटर पुढे जाते आणि मधले फोटो काळे येतात. रोल संपल्यावर उलटा हातानेच फिरवायचा आहे. विकणाऱ्यासमोर सेलचा कप्पा उघडून पत्र्यांवर हिरवं साचलंय का ते बघा. एमडी-११ही याच कॅमेऱ्याला बसते आणि कुणी ती स्वस्तात देऊ करेल, पण तिचा स्विच चालू राहिला की कॅमेऱ्याच्या मीटरचे सेल संपून जातात. आणि तुमचा कुणी मित्र पेंटॅक्स के१००० कॅमेऱ्यासाठी अशी मोटर शोधत असेल तर त्याला सांगा, शोधत बसू नकोस, त्याला खालून मोटर जोडायची सोयच नाही.