साथ ओसरली, मग या शिक्षणाचं काय?

एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, विषय बायोकेमिस्ट्री. कोरोनाच्या काळात स्पाइक प्रोटीनबद्दल (विषाणूच्या अंगावर काट्यांसारखं उभं असणारं प्रोटीन) वाचलं तेव्हापासून तिला लसी आणि चाचण्या तयार करण्याच्या क्षेत्रातच जायचं आहे. वडील विचारतात, "साथ तर संपली. ती शिकून बाहेर पडेल तेव्हा या विषयाला कोण विचारणार? आणि लसच बनवायची होती तर डॉक्टर व्हायला नको होतं का?"

सप्रेम नमस्कार,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. लसीच्या मानवी चाचण्यांना डॉक्टर लागतातच, पण लस मुळात घडते ती बायोकेमिस्ट, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, इम्युनॉलॉजिस्ट (रोगप्रतिकारशक्तीचे अभ्यासक) आणि उत्पादन सांभाळणाऱ्या इंजिनिअरांच्या हातून. तुमची लेक योग्य वाटेवर आहे.

पहिल्या शंकेवर मात्र सविस्तर बोलायला हवं. ती माझ्याकडे अनेक पालक घेऊन येतात आणि तिच्यापायी चांगली मुलं हा विषय सोडतात, याचं मला वाईट वाटतं.

जानेवारी २०२०मध्ये नव्या विषाणूची जनुकीय माहिती जाहीर झाली. १६ मार्चला मॉडर्नाच्या लसीचा पहिला डोस चाचणीतल्या स्वयंसेवकाला टोचलासुद्धा. जेमतेम दोन महिन्यांत हे जमलं, कारण अवघड काम आधीच झालं होतं, आणि तेही दुसऱ्याच विषाणूंवर.

१९६०च्या दशकात, बाळांच्या फुप्फुसांवर हल्ला करणाऱ्या आरएसव्ही विषाणूवर फॉर्मालिनने निष्क्रिय केलेली लस करून पाहिली होती. ती घेतलेल्या बाळांना पुढे संसर्ग झाला तेव्हा आजार उलट बळावला, दोन बाळं दगावली. या विषाणूच्या पृष्ठभागावरचं एफ प्रोटीन पेशीत शिरण्याआधी एका आकारात असतं आणि शिरताना दुसऱ्याच आकारात उलगडतं. सर्वांत प्रभावी अँटिबॉडी (विषाणूला अडवणारी शरीरातली प्रोटीनं) धरतात त्या आधीच्या आकाराला. तो आकार पक्का धरून ठेवणं जमायला २०१३ साल उजाडलं. जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी ते साधलं. मग हाच विचार त्यांनी कोरोना कुळातल्या मर्स विषाणूच्या स्पाइकला लावला. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, आणि प्रोलीन हे त्यांतलं ताठर अमिनो आम्ल. स्पाइक जिथे उलगडून सरळ होतं, नेमकं त्या वळणावर दोन प्रोलीन बसवली की बिजागरीला खीळ घातल्यासारखं होतं, प्रोटीन हलत नाही. हे संशोधन २०१७मध्ये प्रसिद्ध झालं. तुमची मुलगी तेव्हा मर्सवर काम करत असती तर तुम्ही हाच प्रश्न विचारला असता: हा आजार आहे किती जणांना?

२०२०मध्ये नव्या विषाणूच्या स्पाइकमध्ये, ९८६ आणि ९८७ क्रमांकाच्या जागी, तीच दोन प्रोलीन बसवली गेली. फायझर, मॉडर्ना, नोव्हाव्हॅक्स, तिघांच्याही लसींत ती आहेत. आणि २०२३मध्ये आरएसव्हीच्या ज्या लसींना मान्यता मिळाली, त्याही आकार टिकवलेल्या एफ प्रोटीनच्याच. म्हणजे तुमची मुलगी जे शिकेल ते एका साथीपुरतं नाही. विषाणूच्या अंगावरचं प्रोटीन ओळखायचं, ते शुद्ध रूपात बनवायचं, त्याचा आकार सांभाळायचा, हे कौशल्य पुढच्या कुठल्याही विषाणूला लागणार आहे.

हे काम रोजच्या रोज कसं दिसतं, तेही तिला माहीत हवं. स्पाइक तीन साखळ्यांचं बनतं. त्याच्या एकेका साखळीवर शर्करा जोडल्या जाण्याच्या २२ जागा आहेत. नेहमीच्या ई. कोलाय जिवाणूला त्या शर्करा जोडता येत नाहीत, म्हणून मानवी किंवा कीटकांच्या पेशी वाढवून त्यांच्याकडून प्रोटीन बनवून घ्यावं लागतं. मग ते निकेलच्या कॉलममधून, म्हणजे निकेल असलेल्या नळीतून, गाळायचं, प्रोटीनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर चालवायचं आणि हव्या त्या जागी एकच स्वच्छ पट्टा दिसतोय का ते पाहायचं. कित्येकदा दिसत नाही. प्रोटीनच्या गुठळ्या होतात, पेशी रुसतात, महिना वाया जातो. माझ्याकडे येऊन गेलेल्या एका मुलीला हे इतकं असह्य झालं की तिने वर्षभरात विषय बदलला. हुशारी होती, चिकाटीची सवय नव्हती. तुमच्या मुलीने हे आधी स्वतःच्या हाताने करून पाहावं. सुट्टीत एखाद्या प्रयोगशाळेत सहा आठवडे मिळाले तरी खूप.

आता आजार ओळखणाऱ्या चाचण्यांबद्दल. मुलं याकडे दुय्यम म्हणून पाहतात आणि मला ते अजिबात पटत नाही. घरी करायची झटपट अँटिजेन चाचणी बहुधा स्पाइक शोधतच नाही, ती विषाणूच्या आतलं न्यूक्लिओकॅप्सिड प्रोटीन शोधते. ते विपुल असतं आणि स्पाइकच्या मानाने कमी बदलतं. कोरोनाच्या अल्फा प्रकारात स्पाइकमधली ६९ आणि ७० क्रमांकाची अमिनो आम्लं गळाली होती, त्यामुळे तीन जनुकं तपासणाऱ्या एका पीसीआर चाचणीत (विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी चाचणी) स्पाइकचं जनुक सापडेनासं झालं. चाचणीची ही उणीवच २०२०च्या अखेरीस ब्रिटनमध्ये नवा प्रकार कुठे पसरतोय हे पाहायला कामी आली.

या वाटेला संख्याशास्त्र फार लागतं. हजार जणांत दहा बाधित आहेत आणि चाचणी निरोग्यांना ९९ टक्के वेळा बरोबर ओळखते असं धरा. उरलेल्या ९९० निरोग्यांतले सुमारे दहा जण चुकून पॉझिटिव्ह ठरतील. म्हणजे दहाही बाधित सापडले तरी पॉझिटिव्ह आलेल्यांत जवळपास निम्मे निरोगी! बायोकेमिस्ट्रीची बरीच मुलं गणिताला हात जोडतात. तिला तसं करू देऊ नका.

पदव्यांचं थोडक्यात सांगतो. लसीचा नवा आराखडा करायचा तर पीएचडीला पर्याय नाही. उत्पादन, गुणवत्ता नियंत्रण आणि चाचणी संच बनवण्याच्या कामात एमएस्सीनंतरही जाता येतं, आणि तिथे हात चांगला असलेल्या माणसाला किंमत असते. हे आत्ताच ठरवण्याची घाई नको.

एक काम मात्र या आठवड्यातच, दोघांनी मिळून करा. प्रोटीन डेटा बँक हा प्रोटीनच्या रचनांचा संग्रह सर्वांना मोफत खुला आहे. त्यात '6VSB' (६व्हीएसबी) हा क्रमांक इंग्रजीत टाकून शोधा. मॅक्लेलन यांच्या प्रयोगशाळेने फेब्रुवारी २०२०मध्ये प्रसिद्ध केलेली स्पाइकची ती रचना. ब्राउझरमध्येच फिरवून पाहता येते. तिन्ही साखळ्यांना वेगवेगळे रंग द्या, त्यांतल्या एकीचं डोकं वर उचललेलं दिसेल. ते डोकं कशाला धरतं आणि लसीला त्याचा उपयोग काय, हे तुम्ही तिला विचारा आणि ती सांगत असताना मध्ये बोलू नका.

तुमचा,
करिअर मार्गदर्शक