गरिबीत वाढलेला लेखक कादंबरीत स्वतःचंच बालपण लिहितो का?

बरेचदा हो, पण जसंच्या तसं नाही. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सचंच बघा. १८२४ साली वडील कर्जापायी तुरुंगात गेले आणि बारा वर्षांचा चार्ल्स बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवत बसला. वडील सुटल्यावरही त्याने कामावर परत जावं, असं आईला वाटत होतं. ते त्याच्या मनाला कायमचं लागलं. स्वतःच्या मुलांनाही त्याने हे कधी सांगितलं नाही. सांगितलं ते 'डेव्हिड कॉपरफिल्ड' या त्याच्या कादंबरीत: तिथे छोटा डेव्हिड दारूच्या गोदामात बाटल्या धुतो, लेबलं लावतो. मला यातली गरिबी नव्हे, घरच्यांनी आपल्याला सोडून दिलं ही भावना जास्त हलवते.