कॉम्प्युटर, डॅक (कॉम्प्युटरमधला डिजिटल आवाज अँपला चालेल अशा सिग्नलमध्ये बदलणारा डबा) आणि अँप अशी सिस्टिम आहे. कमी बजेटमध्ये केबल कोणती घेऊ? महागड्या यूएसबी केबलने खरंच फरक पडतो का?

यूएसबीला साधी प्रिंटरची केबल लावा. डॅकसोबत आलेली असेल तर तीच वापरा. झालं उत्तर खरं तर, पण 'खरंच फरक पडतो का' असं विचारलंत आणि याच वाक्यावरून आमच्याकडे चार माणसं जमली की वाद पेटतो, त्यामुळे आता पूर्ण ऐकाच.

आमचे दाजी. माणूस लाख चांगला, पण हायफायचं वेड लागल्यापासून कुणाला जुमानत नाहीत. लॅपटॉप, त्याला यूएसबी डॅक, डॅकमधून आरसीएने (लाल-पांढऱ्या गोल प्लगची केबल) अँप, पुढे दोन बुकशेल्फ स्पीकर, म्हणजे साधारण तुमच्यासारखंच. त्यात स्पीकरमधून सतत बारीक गुरगुर यायची आणि माऊसचं चाक फिरवलं की तिच्यावर चिर्रर्र असा वेगळाच आवाज चढायचा. दाजींचं निदान, केबल हलकी आहे. मग आली बोटाएवढी जाड, वरून कापडी जाळी चढवलेली यूएसबी केबल आणि तिच्यावर बाण छापलेला, सिग्नल कुठल्या दिशेने जातो ते दाखवायला! अहो एका टोकाला चपटा ए प्लग, दुसऱ्याला चौकोनी बी प्लग, उलटी लावतो म्हटलं तरी बसणार नाही, मग बाण कशाला? हे मी सगळ्यांसमोर बोललो, ताई फिसकन हसली, आणि तिथून जे सुरू झालं ते अजून चालूच आहे.

गुरगुर अर्थात गेली नाही. मी फक्त लॅपटॉपचा चार्जर उपटला. एकदम शांत. परत लावला, परत गुरगुर. हा ग्राउंड लूप. चार्जर थ्री-पिन आणि एका भिंतीला, अँप थ्री-पिन आणि दुसऱ्या भिंतीला, दोघांचं अर्थिंग वेगळ्या वाटेने, आणि यूएसबीमधली ग्राउंडची तार न् आरसीएची शील्ड (आतल्या तारेभोवतीचं धातूचं आवरण) मिळून ते वर्तुळ पुरं करतात, मग मेन्सची गुरगुर आणि कॉम्प्युटरच्या आतली खरखर थेट अँपमध्ये. यूएसबी केबल कितीही भारी आणा, ग्राउंडची तार तिच्यातही असणारच ना? दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतले, बरीचशी गेली. उरलेली डॅक आणि अँपच्या मध्ये छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन बाजूंच्या तारा थेट न जोडता सिग्नल पुढे नेणारा) टाकल्यावर गेली. यावर दाजी काय म्हणाले असतील? "बघ, नवीन केबल आहे म्हणून एवढं साफ वाजतंय."

मग मी म्हटलं, दाजी, जरा पाठ करून बसा. यूएसबी काढली की गाणं थांबतं आणि परत लावून सुरू करावं लागतं, त्यामुळे तीच केबल काढून तीच लावली तरी पाठमोऱ्या माणसाला काही कळत नाही. मी मुद्दाम बऱ्याचदा तेच केलं. आणि दाजी सांगतायत, आता स्टेज (म्हणजे आवाजाचा पसारा) रुंद झाला, आता तबल्याचा डग्गा भरीव लागतोय! एकदा तर प्रिंटरची केबल लावलेली असताना "हीच माझी" म्हणून ठामपणे सांगितलं. दाखवल्यावर कान दमले होते म्हणे.

तर फरक का पडत नाही? सीडी क्वालिटीचा स्टिरिओ आवाज म्हणजे सेकंदाला साधारण 1.4 मेगाबिट, आणि यूएसबी 2.0 चा हायस्पीड लिंक 480 मेगाबिटचा. आजकालचे बहुतेक बरे डॅक असिंक्रोनस असतात, म्हणजे घड्याळ डॅकचं स्वतःचं चालतं, कॉम्प्युटरने त्याच्या मागणीप्रमाणे डेटा पुरवायचा. ऑडिओमध्ये चुकलेला डेटा परत मागवला जात नाही हे खरंय, पण म्हणून केबल खराब असली की टिक्-टिक् येतं, आवाज मध्येच तुटतो. बेस पातळ होणं, गायक दोन पावलं मागे जाणं, असलं काही होत नाही. फक्त 5 मीटरपेक्षा लांब यूएसबी ओढू नका.

पैसे घालायचेच तर आरसीएवर थोडे घाला. शील्ड विणलेली दाट असावी, प्लग सॉकेटवर घट्ट बसावा, लांबी गरजेपुरतीच. ऑक्सिजन-फ्री, चांदीचा मुलामा वगैरे सोडून द्या. स्पीकरला अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या, 5 मीटरला जाऊन-येऊन रेझिस्टन्स 0.07 ओहमच्या आसपास येतो, 8 ओहमच्या स्पीकरपुढे तो काहीच नाही. पण तार ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, परत करा.

आता दाजींची बाजू पण सांगतो, नाहीतर म्हणतील एकतर्फी लिहिलं. लूप असेल तर जाड शील्डच्या आरसीएने गुरगुर थोडी कमी होऊ शकते, यूएसबीने नाही. डॅकला ऑप्टिकल (प्रकाशाने सिग्नल नेणाऱ्या केबलचं) इनपुट असेल, त्याचा अ‍ॅडॅप्टर वेगळा असेल आणि कॉम्प्युटरलाही ऑप्टिकल आउट असेल तर ऑप्टिकल केबलच घ्या, तिच्यातून वीजच जात नाही, लूपचा प्रश्नच मिटला. मात्र बरीच उपकरणं ऑप्टिकलवर 24 बिट 96 किलोहर्ट्झपर्यंतच जातात, आणि मला विचाराल तर ते पुरून उरतं. अजून एक, गुरगुर घालवायला लोक प्लगची अर्थ पिन तोडतात, तसलं काही करायचं नाही, जीव जाईल. आणि उद्या टर्नटेबल (तबकड्यांचा रेकॉर्ड प्लेयर) जोडलात तर हे सगळं लागू नाही, तिथे आरसीएच्या कपॅसिटन्सने (तारेच्या विद्युतभार साठवण्याच्या गुणाने) आवाज खरोखर बदलतो. दाजींना हे सांगू नका, ते लगेच टर्नटेबल घेतील.