समुद्राजवळ म्हणजे नक्की कुठे? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त प्रश्न एकच, बीचवाल्या शहरात चाललोय, रूम कुठल्या एरियात घेऊ? कोणी शहराचं नाव दिलंय, कोणी नुसतंच "समुद्र आहे तिथे" असं लिहिलंय. नावं मी काढून टाकलीत, कारण तिढा सगळ्यांचा एकच आहे.

ताई, आम्ही पाच जण. मी, नवरा, चार आणि सात वर्षांची मुलं आणि सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. पाच दिवस आहेत. नवरा म्हणतो अगदी बीचसमोरच राहू, नणंद म्हणते शहराच्या मध्यभागी राहा, सगळं जवळ पडतं. घरात रोज वाद चाललाय. कोणाचं ऐकू?

दोघांचंही नको. आधी मला सांगा, दुपारी साडेबारा वाजता तुम्ही काय करत असाल?

मस्करी नाही करत. सगळे लोक रूम निवडताना सकाळचा विचार करतात, म्हणजे उठलो, चहा झाला, निघालो समुद्रावर. अहो सकाळी जायला कोणालाही काही वाटत नाही, अंगात दम असतो, कपडे कोरडे असतात, मुलं स्वतःहून पुढे पळतात. खरी परीक्षा परत येताना असते. धाकटं खांद्यावर झोपलेलं, मोठ्याच्या चपलेत वाळू गेली म्हणून ते दर दहा पावलांवर थांबतंय, ओल्या टॉवेलची पिशवी मांडीला घासतेय, डोक्यावर ऊन, आणि त्यात टॅक्सीवाला तुमचा अवतार बघून काच वर करून निघून जातो कारण त्याला सीट ओली करून घ्यायची नसते. या अवस्थेत तुम्हाला रूमवर पोचायला किती मिनिटं लागतील, माझ्या मते एरिया फक्त यावर ठरवावा. मी त्याला परतीचा हिशोब म्हणते.

तुमच्या बाबतीत तो हिशोब पायी दहा मिनिटांच्या आत बसायला हवा आणि तो सासूबाईंच्या चालीने धरायचा, तुमच्या नाही. आपण मोठी माणसं पाच मिनिटांत चारशे मीटर सहज चालतो, लहान मूल आणि दुखरे गुडघे असले की तेच अंतर दहा-बारा मिनिटांचं होतं. म्हणून नणंदेचं शहराचं मध्य तुमच्यासाठी बाद, कारण तिथून रोज दोनदा गाडी करावी लागेल आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही म्हणाल जाऊदे, आज नको समुद्र.

पण नवऱ्याचं अगदी समोरचंही मी घेणार नाही. समुद्राला लागून बहुतेक ठिकाणी मोठा रस्ता असतो, त्यावर रात्री उशिरापर्यंत गाड्या, गाणी, आईस्क्रीमवाले, सगळं तुमच्या खिडकीखाली. मुलं नऊला झोपणार असतील तर ते तुम्हाला नकोय. त्यापेक्षा मागची दुसरी किंवा तिसरी गल्ली घ्या. तिथे आवाज एकदम खाली येतो, त्याच पैशात खोली मोठी मिळायची शक्यता असते, आणि समुद्र तीन-चार मिनिटांवरच राहतो. फक्त मधला मोठा रस्ता ओलांडायला सिग्नल आहे का आणि तो नेमका कुठे आहे हे बघून घ्या. सिग्नलसाठी अर्धा किलोमीटर वळसा असेल तर समोर दिसणाऱ्या समुद्राचा काय उपयोग.

आणखी एक गोष्ट, जाहिरातीत "बीचपासून ५०० मीटर" लिहिलेलं असतं ना, ते बऱ्याचदा सरळ रेषेतलं अंतर असतं, पक्षी उडाला तर. मध्ये रेल्वेची लाईन असते, खाडी असते, नाहीतर टेकडी असते आणि उतरायला शे-दीडशे पायऱ्या. मॅपवर हॉटेल ते बीच असा चालायचा रस्ता टाकून बघायचा, आणि मग उलटा टाकायचा, बीच ते हॉटेल, कारण चढ त्या बाजूने कळतो. नावावरही जाऊ नका. सिडनीत बॉन्डाय बीच जगप्रसिद्ध आहे, आणि ट्रेनचं स्टेशन आहे बॉन्डाय जंक्शनला. नाव बघून लोक जंक्शनला रूम घेतात आणि मग कळतं की समुद्र तिथून अडीच-तीन किलोमीटरवर आहे, रोज बस. वाईट जागा नाहीये ती, शहर फिरायला उलट बरी, पण वाळू झटकत परत येणाऱ्यांसाठी नाही.

सासूबाईंसाठी लिफ्ट आहे का ते फोन करून विचारा, वेबसाईटवरच्या चिन्हावर विश्वास ठेवू नका. एकदा माझ्या वाट्याला अशी लिफ्ट आली होती जी पहिल्या मजल्यापासून सुरू व्हायची, पहिल्यापर्यंत बावीस पायऱ्या. मोजल्यात मी, सामानासकट.

आम्ही सहा मित्र, चार रात्री, मुख्य कार्यक्रम रात्रीचाच. जिथे सगळे क्लब आहेत तिथेच राहावं ना?

तुमचा परतीचा हिशोब दुपारचा नाही, पहाटे तीनचा आहे. त्या वेळी बस आणि मेट्रो बहुतेक शहरांत बंद, गाडीचे दर चढलेले आणि सहापैकी दोघांना चालताही येत नसेल. त्यामुळे हो, चालत येण्याइतकं जवळ राहा, पण त्याच रस्त्यावर नको, एक वळण सोडून. झोप लागत नाही हे चौथ्या नाही, दुसऱ्या दिवशीच लक्षात येतं. आणि पाण्यापलीकडचं स्वस्त हॉटेल बघून भुलू नका. मायामी आणि मायामी बीच ही दोन वेगळी शहरं आहेत, मध्ये खाडी आहे आणि पूल ओलांडून जावं लागतं, हे कित्येकांना बुकिंग झाल्यावर कळतं. चार रात्री जाऊन येऊन पूल ओलांडलात की वाचवलेले पैसे टॅक्सीत गेले.

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आहे. बायकोला रूममधून समुद्रात मावळणारा सूर्य बघायचाय. सी व्ह्यू रूम घेतली की झालं का?

दादा, आधी होकायंत्र काढा. समुद्र ज्या बाजूला आहे ती पश्चिम नसेल तर कितीही पैसे मोजा, सूर्य तिथे मावळणार नाही. हे सांगायला नको असं वाटतं, पण गेल्या वर्षभरात तीन जणांनी याच कारणासाठी हळहळत लिहिलंय. बार्सिलोनाचा किनारा आग्नेयेकडे तोंड करून आहे, म्हणजे समुद्रातून उगवणारा सूर्य मिळेल, मावळणारा शहराच्या मागे डोंगराकडे जाणार. (तिथले बरेचसे बीच १९९२ च्या ऑलिम्पिकच्या निमित्ताने तयार केलेले, त्याआधी त्या बाजूला कारखाने आणि रेल्वेचे रूळ होते. आज बघून खरं वाटत नाही.)

दुसरं म्हणजे शब्दांचा खेळ. "सी फेसिंग" असेल तर साधारण खिडकी समुद्राकडे असते, "सी व्ह्यू" म्हणजे कुठून तरी दिसतो, आणि "पार्शल सी व्ह्यू" म्हणजे बाल्कनीत जाऊन मान वाकडी केली की दोन बिल्डिंगच्या मधून निळी रेघ. हॉटेलवाल्याला त्या खोलीच्या खिडकीतून काढलेला फोटो मागा, गच्चीवरचा नको.

पण खरं सांगू का, मी तुमच्या जागी असते तर रूमसाठी एवढं नसतं केलं. सूर्यास्त अर्ध्या तासाचा असतो, रूमचं भाडं चोवीस तासांचं. रिओमध्ये कोपाकबाना आणि इपानेमा या दोन बीचच्या मधोमध अर्पोआदोर नावाचा खडक आहे, संध्याकाळी लोक तिथे जाऊन बसतात आणि सूर्य गेला की चक्क टाळ्या वाजवतात. अशी एखादी जागा बऱ्याच समुद्रकाठच्या शहरांत सापडते, खडक, धक्का, जुना किल्ला, काहीतरी. ती शोधा आणि तिथून अंधारात हातात हात घालून चालत परत येता येईल अशा गल्लीत रूम घ्या. तुमचा परतीचा हिशोब एवढाच. बाकी पंचवीस वर्षं झालीयत, वहिनींना विचारून घ्या, ऐनवेळी त्या म्हणतील मला रूममधूनच हवा होता, मग माझ्याकडे येऊ नका.

गेल्या वर्षी तुमचा सल्ला ऐकून गर्दीपासून लांब शांत बीचजवळ राहिलो. पाण्यात एकदाही उतरता आलं नाही. दोन दिवस लाल झेंडा होता आणि बाकी दिवस आम्ही जायचो तेव्हा पाणी एवढं आत गेलेलं की नुसता चिखल. पैसे वाया गेले.

चूक माझी. तुम्ही शांतता मागितली आणि मी शांतता दिली, पोहायचंय का हे विचारलंच नाही. शांत बीच शांत का असतो याचं कारण बऱ्याचदा पाण्यातच असतं. एकतर ओढ असते, रिप करंट म्हणतात तो, म्हणजे लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी एका अरुंद पट्ट्यातून जोरात परत आत जातं आणि माणसालाही घेऊन जातं. गंमत म्हणजे तो पट्टा वरून सगळ्यात शांत दिसतो, तिथे लाटा कमी फुटतात, म्हणून नवखे लोक नेमके तिथेच उतरतात. नाहीतर किनारा एवढा सपाट असतो की ओहोटीला समुद्र दिसेनासा होतो. तुम्हाला दोन्ही मिळालं, काय बोलू.

आता पुढच्या वेळेसाठी. पोहायचं असेल तर जीवरक्षक असलेला बीच निवडा आणि त्याच्या जवळचा एरिया. वर लाल खाली पिवळा असे झेंडे बऱ्याच देशांत लावतात, अशा दोन झेंड्यांच्या मधल्या भागावर जीवरक्षकाचं लक्ष असतं, पोहायचं ते तिथेच. नुसता लाल असेल तर आत जायचं नाही. जांभळा दिसला तर जेलीफिश वगैरे आहेत.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक नेटवर आधीच मिळतं. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, दोन भरत्यांमध्ये साधारण सव्वाबारा-साडेबारा तास, आणि वेळ रोज पन्नासएक मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि खूप आत जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, फरक कमी. तुम्ही बहुधा रोज साधारण एकाच वेळी जात होतात आणि त्या दिवसांत नेमकी त्याच सुमाराला ओहोटी होती, एवढंच झालं. भूमध्य समुद्राच्या काठी हा प्रश्न जवळपास येत नाही, तिथे बहुतेक ठिकाणी फरक अर्ध्या मीटरच्या आतच असतो. पण ऑस्ट्रेलियात ब्रूमला तो नऊ मीटरच्याही वर जातो, म्हणजे तीन मजली इमारतीएवढा. तेव्हा शहर ठरलं की एकदा हा आकडा बघायचा. फरक मोठा असेल तर रूम अगदी जवळच हवी, कारण पाणी असेल तेव्हा पटकन जायचं आणि नसेल तेव्हा पडून राहायचं, लांब राहून ते जमत नाही.

आणि हो, किनारा वाळूचाच असतो असंही नाही. फ्रान्समध्ये नीसला गेलात तर सगळे गोटे आहेत, अनवाणी चालताना देव आठवतो. मुलांना किल्ले बांधायचे असतील तर फोटो झूम करून बघा.

सीझन नसताना जातोय, स्वस्त पडतंय म्हणून. तरी बीचजवळच राहावं?

नाही. इथे माझाच नियम उलटा करते. सीझन संपला की बीचलगतच्या पट्ट्यातली निम्मी दुकानं शटर ओढून बसतात, संध्याकाळी सातला रस्त्यावर तुम्ही आणि एक कुत्रा. वाऱ्याने दारं आपटतात ती वेगळी. तुम्ही पाण्यात जाणार नाही, म्हणजे ओलं होऊन परत यायचं नाही, म्हणजे समुद्राजवळ राहायचं कारणच उरलं नाही. जुन्या शहरात राहा, जिथे स्थानिक माणसं बाराही महिने राहतात, तिथे उघडं असतं सगळं. समुद्र बघायला दुपारी बसने जा. सकाळी वारा कमी असतो हे खरं, दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो, पण थंडीत तो जोर नसतो, आणि असला तरी तुम्हाला छत्री थोडीच लावायचीय.

सहा रात्री आहेत. तीन शहरात, तीन बीचवर अशा वाटून घेऊ का?

घ्या, पण आधी शहर आणि मग बीच, उलटं नको. बीचवरून शहरात आलं की फिरायला पाय उचलत नाहीत, अनुभव आहे. बदलायच्या दिवशी सकाळी अकराला रूम सोडायची आणि नवी दुपारी दोन-तीनला मिळणार, मधले तास बॅगा घेऊन काढायचे, तेव्हा नव्या हॉटेलात आधी बॅगा ठेवून घेतील का विचारा, बहुतेक घेतात. एक जोडी कोरडे कपडे आणि स्विमिंगचे कपडे बॅगेत सगळ्यात वर ठेवा. आणि शेवटच्या दिवशी सकाळी समुद्रात जाणार असाल तर चेकआउटनंतर आंघोळीला जागा आहे का तेही त्याच फोनवर विचारून टाका, नाहीतर केसात वाळू घेऊन विमानात बसाल, माझ्यासारखं.