राईबद्दल आजीशी भांडू नकोस

तुझा मेसेज वाचला. देवाच्या नावाने राखलेल्या आपल्या देवराईतली झाडं तोडून देवळाला स्लॅब टाकायचं गावात चाललंय, आणि तुला आजीच्या अंधश्रद्धेचा आणि काकांच्या हौसेचा सारखाच राग आलाय. राग समजतो मला, पण तो घेऊन गावच्या मीटिंगला जाऊ नकोस.

आधी आजीचं बघू. राईतलं वाळकं लाकूडपण घरी आणायचं नाही, झाड तोडायचंच झालं तर गुरवाकडून कौल लावायचा, हे तुला खुळचट वाटतं, पण कोकणातले कितीतरी डोंगर जळाऊ लाकडापायी आणि कोळशापायी उघडे पडले तेव्हा जुने बेहडे, सातवीण नि झाडांवर चढलेल्या गारंबीच्या वेली राहिल्या त्या या धाकामुळेच. आणि नुसता धाकच होता असंही नाही हं. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची राई तोडली जाणार होती तेव्हा गावकऱ्यांनी वनस्पतीशास्त्रज्ञ वा. द. वर्तकांना मदतीसाठी पत्र लिहिलं, कारण राई गेली तर गावचा ओढा आटेल ही त्यांची काळजी होती. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ तिथे गेले, राई वाचली. 1976 मध्ये दोघांनी सह्याद्रीतल्या देवरायांवर शोधनिबंध छापला, आज आपण देवराईबद्दल जे बोलतो त्यातलं बरंचसं तिथून सुरू झालंय. म्हणजे पाण्याचं गणित लोकांना ठाऊक होतंच.

आता काका. ही पिढी पोटासाठी मुंबईला गेली, गुरं घेऊन रानात जाणं सुटलं, शिमगा नि गणपतीला गावी येणार, तेही चार दिवस, मग गाव म्हणजे देऊळ आणि पालखी एवढंच हाताशी उरतं. चाळीतल्या खोलीत राहून, पगारातून वर्गणी काढून ते देवळासाठी पैसे जमवतात, हे प्रेमच आहे गं, ते चुकीच्या जागी खर्च होतंय इतकंच. त्यांना पर्यावरणावर लेक्चर देऊ नकोस. देऊळ छानच करूया पण एकही झाड न पाडता कसं करता येईल, असं विचार, आणि जमलं तर एखादा आर्किटेक्ट सोबत ने, कारण प्लॅन समोर असला की बोलणं भांडणावर जात नाही.

तुझ्या पिढीकडेही काहीतरी आहे, ते मात्र ठासून सांग. धनेश पक्ष्याची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, फटीतून नर तिला आणि पिल्लांना आठवडेच्या आठवडे फळं भरवतो, आणि एवढी मोठी ढोली जुन्या जाडजूड झाडातच सापडते. ते झाड पाडून बदल्यात शंभर रोपं लावली तरी पुढची कित्येक वर्षं धनेशाला घर नाही. हे आजीलाही सांग, तिने तो पक्षी तुझ्या आधीपासून बघितलाय, कुठल्या झाडावर बसतो ते तीच दाखवेल. पण खरं सांगू, तूही वीकेंडलाच येतेस, दुर्बीण नि कॅमेरा घेऊन. तुला पक्ष्याचं शास्त्रीय नाव येतं, राईतलं पाणी कुठून उगवतं आणि कुणाच्या शेतात उतरतं ते येत नाही. एका पावसाळ्यात चार दिवस राहा आणि गुरवासोबत फिर.

कागदाचं कामही करायलाच हवं. राईचा सातबारा कुणाच्या नावावर आहे ते तलाठ्याकडे बघ. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती असते, तिच्या नोंदवहीत राईतली झाडं, पक्षी, झरे सगळं लिहून घे, सांगणारी आजी आणि लिहिणारी तू. दोडामार्ग तालुक्यात भालांडेश्वराच्या राईतलं रानजायफळाचं दलदलीतलं जंगल याच कायद्याखाली जैवविविधता वारसास्थळ झालंय, ते काकांना दाखव. देवाच्या नावाने राखलेल्या रानाला सरकारनेही मान दिला म्हटल्यावर मुंबईच्या मंडळातले लोकही ऐकून घेतील असं मला वाटतं. मीटिंग शिमग्याला आहे म्हणालीस ना, मग आधी काकांना फोन कर, नोंदवहीचं त्यानंतर बघू.