टेक्सासमधली जुनी गांजाची भानगड आणि ३ वर्षांची मुदत

तू लिहिलंयस की २०१९ मध्ये डॅलसला एमएस करत असताना पोलिसांनी गाडी थांबवली, रूममेटच्या गांजाच्या गमीज (जेलीच्या गोळ्या) सापडल्या, सगळ्यांची नावं लिहून घेतली आणि सोडून दिलं. डिग्री झाल्यावर तू पुण्याला परत आलास, आता एच-वन (अमेरिकेचा नोकरीचा व्हिसा) मिळतोय आणि इतकी वर्षं झाली म्हणजे विषय संपला ना, असं विचारतोयस. घाईने संपला म्हणू नकोस रे, मी टेक्सासमध्येच राहतो म्हणून जीव तोडून सांगतोय.

टेक्सासमध्ये दोन औंसापर्यंतचा साधा गांजा म्हणजे मिसडिमीनर (लहान गुन्हा), त्याला खटला भरायची मुदत २ वर्षं. पण गमी किंवा वेपमधलं (ई-सिगारेटमधलं) टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं द्रव्य, थेट फेलनी (गंभीर गुन्हा), तिथे मुदत ३ वर्षं. आणि वजन नुसत्या टीएचसीचं धरत नाहीत, साखर जिलेटिनसकट अख्खी गमी तोलतात, म्हणजे ४ ग्रॅमच्या वर गेली की सेकंड डिग्री फेलनी (अजून वरच्या दर्जाचा गुन्हा), २ ते २० वर्षं शिक्षा. लोकांना हे माहीतच नसतं!

आता मेन गोष्ट. तिथल्या क्रिमिनल प्रोसिजर कोडच्या कलम १२.०५ प्रमाणे आरोपी राज्याबाहेर असतो तो काळ मुदतीत मोजतच नाहीत. म्हणजे तू पुण्यात काढलेली वर्षं धरायची नाहीत, फक्त डॅलसला होतास तेवढेच महिने मोज. आणि आधीच इंडाइटमेंट (कोर्टात आरोपपत्र) झालं असेल तर ते चालू असतानाचा काळही धरत नाहीत.

दुसऱ्या राज्यांचे नियम वाचून निर्धास्त होऊ नकोस, कॅलिफोर्नियात बऱ्याचशा फेलनीला ३ वर्षं, नॉर्थ कॅरोलिनात फेलनीला मुदतच नाही, आणि फेडरलची साधारण ५ वर्षं वेगळीच.

व्हिसाला तर मुदत वगैरे काही लागूच नाही. डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) मध्ये ड्रग्जचा कायदा कधी मोडलाय का असा सरळ प्रश्न आहे, किती वर्षांपूर्वी ते विचारत नाहीत, आणि शिक्षा झालेली नसली तरी नुसत्या कबुलीवरून व्हिसा अडकू शकतो. खोटं लिहिलंस तर त्याहून वाईट, ते कायमचं मागे लागतं.

म्हणून फॉर्म भरायच्या आधी ज्या काउंटीत (जिल्ह्यात) गाडी थांबवली तिथल्या डिस्ट्रिक्ट क्लर्क आणि काउंटी क्लर्क (कोर्टाच्या नोंदी ठेवणारे) दोघांच्या साइटवर स्वतःचं नाव शोध, पासपोर्टवरचं स्पेलिंग आणि वडिलांचं नाव मधे घालून दोन्ही तऱ्हेने बघ. मग तिथला क्रिमिनल वकील आणि इमिग्रेशन वकील दोघांशी बोल, फी जाते पण जाऊ दे. आणि गमी कोणाची होती वगैरे इथे अजून काही लिहू नकोस, ते वकिलालाच सांग.