टाके सुकले, तरी रडू का येते?

प्रश्न : माझे वय ६६ वर्षे आहे. अडीच महिन्यांपूर्वी माझ्या उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया झाली. जखम भरली आहे, एक्स-रे चांगला आहे आणि गुडघा ९५ अंशांपर्यंत वाकतो, असे डॉक्टर सांगतात. तरीही दुपारी घरात एकटी असले की रडू येते. मध्यरात्री जाग आली की पुन्हा झोप लागत नाही. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला हात लावला तर काही कळत नाही आणि संध्याकाळी गुडघा गरम लागतो. माझी नणंद याच शस्त्रक्रियेनंतर दीड महिन्यात जिने चढू लागली होती. घरचे म्हणतात, ‘आता सगळे पार पडले, मग कसली काळजी करतेस?’ शस्त्रक्रियेचा निर्णयच चुकला की काय, असे मनात येते.

उत्तर : आपण ज्या टप्प्यावर आहात, तो या आजारपणातला सर्वांत एकाकी टप्पा आहे, असे माझे मत आहे. सुरुवातीला घरात धावपळ असते, माणसे भेटायला येतात, औषधांच्या वेळा कोणीतरी सांभाळत असते आणि दुखणे सोसायचे आहे याची मनाने तयारी केलेली असते. दोन महिन्यांनी वॉकर कोपऱ्यात जातो, विचारपूस थांबते आणि नेमका तेव्हाच तेच ते व्यायाम रोज करण्याचा कंटाळवाणा काळ सुरू होतो. लोकांच्या दृष्टीने आजारपण संपलेले असते, आपल्या दृष्टीने ते चालूच असते. अशा वेळी मन खचले, तर त्यात दुबळेपणा नाही आणि शस्त्रक्रिया फसल्याचा तो पुरावाही नाही. दुर्दैवाने शस्त्रक्रियेपूर्वी गुडघ्याविषयी जितके सांगितले जाते, त्याच्या दशांशही या काळाविषयी सांगितले जात नाही.

आपल्याला घाबरवणाऱ्या दोन गोष्टींचा उलगडा आधी करू. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला उभा छेद घेताना त्वचेला संवेदना देणाऱ्या मज्जातंतूच्या बारीक शाखा कापल्या जातात, म्हणून व्रणाच्या बाहेरचा भाग बधिर होतो. हा भाग हळूहळू लहान होत जातो, काहींच्या बाबतीत थोडा बधिरपणा कायम राहतो, पण त्यामुळे चालण्यात अडचण येत नाही. गुडघा गरम लागणे आणि दिवसभराच्या हालचालीनंतर सूज येणे हेही कित्येक महिने चालू शकते. पुढे कधी चालताना ‘कट्’ असा आवाज आला, तर तो बहुधा धातू आणि प्लॅस्टिकचे भाग एकमेकांना टेकल्याचा असतो. मात्र लाली वाढत असेल, व्रणातून स्राव येत असेल, ताप असेल किंवा पोटरी दुखून सुजली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर थेट रुग्णालयच गाठावे.

झोपेचा प्रश्न मी अधिक गांभीर्याने घेईन, कारण मनाच्या अवस्थेचे मूळ पुष्कळदा तिथेच असते. रात्री लक्ष दुसरीकडे वळवायला काही नसते, कूस बदलता येत नाही आणि दिवसा सहन होणारी वेदना अंधारात मोठी वाटते. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तीच वेदना अधिक बोचते आणि वेदना वाढली की झोप आणखी मोडते. या चक्रात तीन-चार आठवडे काढलेल्या माणसाला रडू आले, तर आश्चर्य कसले? वेदनाशामकाची शेवटची मात्रा किती वाजता घ्यावी, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारावे. तीव्र वेदनाशामकांपैकी काहींमुळे गुंगी, बद्धकोष्ठता आणि उदासपणा येतो आणि ती एकदम बंद केली तर अस्वस्थपणा वाढतो, म्हणून मात्रेत स्वतःहून बदल करू नये. दिवसा फार वेळ झोपू नये. गुडघ्याखाली उशी घेतली की बरे वाटते खरे, पण त्यामुळे गुडघा वाकलेला राहतो आणि तो पूर्ण सरळ होण्यात अडथळा येतो. उशी घ्यायचीच असेल, तर ती पोटरी आणि टाचेखाली घ्यावी.

आता नणंदेविषयी. शस्त्रक्रियेपूर्वी गुडघा किती आखडला होता, मांडीचे स्नायू किती सशक्त होते, दुसरा पाय किती साथ देतो, मधुमेहासारखे आजार आहेत का, या सगळ्यावर प्रगतीचा वेग ठरतो. त्यामुळे एकाच वयाच्या दोन व्यक्तींचे वेळापत्रकही सारखे नसते. साधारण ९० अंश वाकणारा गुडघा खुर्चीतून उठण्याबसण्यास पुरेसा होतो आणि आपण तो टप्पा ओलांडला आहे. वाकण्याच्या आकड्यामागे लागताना गुडघा पूर्ण सरळ होतो की नाही, याकडे अनेकांचे दुर्लक्ष होते, तेही फिजिओथेरपिस्टकडून मोजून घ्यावे. तुलना करायचीच असेल, तर पंधरा दिवसांपूर्वीच्या स्वतःशी करावी. आज आधाराशिवाय किती वेळ उभे राहता आले, कोणते काम पुन्हा स्वतः केले, हे एका वहीत लिहून ठेवले की विसरलेली प्रगतीही दिसू लागते.

भीतीचाही एक भाग यात असतो. खुर्चीच्या कडेवर बसून टाच मागे सरकवताना, गुडघा जिथे अडतो तिथे बहुतेक जण श्वास रोखतात, दात आवळतात आणि नकळत मांडी ताठ करतात. मग आखडलेला स्नायूच गुडघ्याला वाकू देत नाही आणि ‘आत काहीतरी तुटेल’ ही भीती खरी वाटू लागते. तिथेच थांबून सावकाश श्वास सोडून पाहावा, मांडी सैल पडते आणि टाच बोटभर का होईना, मागे जाते. व्यायामापूर्वी वेदनाशामक घेण्याची आणि नंतर बर्फाने शेकण्याची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घेतली, तर त्या अर्ध्या तासाची धास्तीही कमी होते.

निर्णय चुकला का, या प्रश्नाला खोटा दिलासा देणार नाही. या शस्त्रक्रियेनंतर सुमारे पाचांपैकी एक रुग्ण निकालाबाबत पूर्ण समाधानी नसतो. पण सुधारणा वर्षभर आणि काहींच्या बाबतीत त्यानंतरही होत राहते, म्हणून अडीच महिन्यांवर निकाल देण्याची घाई करू नये. दुखणे कमी होण्याऐवजी वाढत असेल किंवा गुडघ्याचे वाकणे कित्येक आठवडे एकाच आकड्यावर अडले असेल, तर मात्र ‘होईल हळूहळू’ यावर न थांबता सर्जनकडून पुन्हा तपासणी करून घ्यावी.

एक गोष्ट मात्र पुढे ढकलू नये. सलग दोन आठवडे दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटत असेल, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नसेल, भूक गेली असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर गुडघ्याइतकेच रीतसर उपचार असतात. डॉक्टरांकडून हिमोग्लोबिनही तपासून घ्यावे, कारण शस्त्रक्रियेतील रक्तस्रावानंतर ते कमी झाले असेल, तर त्या थकव्यालाच माणूस उदासी समजतो. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेल्यास रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्याचे आवर्जून सांगावे, कारण नैराश्यावरील काही औषधे त्यांच्याबरोबर रक्तस्रावाची शक्यता वाढवतात. जगणे नकोसे वाटत असेल, तर वाट न पाहता त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगावे.

प्रश्न : शस्त्रक्रियेनंतर आईची काळजी मी घेतो. व्यायामाची आठवण केली की ती चिडते, नाही केली तर व्यायाम राहून जातो. काय करावे?

उत्तर : देखरेखीचे काम फिजिओथेरपिस्टवर सोपवावे आणि आपण मुलगाच राहावे. दिवसातून दहा वेळा ‘व्यायाम केलास का?’ असे विचारण्याऐवजी वेळ आईनेच ठरवावी आणि त्या वेळी आपण नुसते शेजारी बसावे. पाण्याचा पेला तिला उठून घेता येत असेल, तर तो हातात आणून देऊ नये, कारण अशा मदतीने परावलंबीपणाची बोच वाढते. ती चिडते तेव्हा पुष्कळदा राग आपल्यावर नसून, आंघोळीलाही कोणाची तरी वाट पाहावी लागते, या गोष्टीवर असतो. ‘आज कसली मदत हवी आहे आणि कसली नको?’ हे तिलाच सकाळी विचारावे आणि ‘नको’ म्हणाली, तर ते ऐकावे. आठवड्यातून काही तास तरी आईजवळ दुसऱ्या कोणाला तरी बसवून आपण बाहेर पडावे. थकलेल्या माणसाचा आवाज चढतो आणि आजाऱ्याला तो आधी ऐकू येतो.